ओल्या वाळूत मेटल डिटेक्टर का वाजत राहतो?

प्रश्न : काळबादेवीच्या पुळणीवर माझ्या सुनेची सोन्याची अंगठी हरवली. ती शोधण्यासाठी एक साधा मेटल डिटेक्टर घेतला. कोरड्या वाळूत तो नीट चालतो, पण ओल्या वाळूत नेताच सारखा वाजत राहतो. यंत्र सदोष आहे का? दुसरे घ्यायचे झाल्यास कोणते घ्यावे आणि ते शिकावे कसे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपले यंत्र बिघडलेले नाही. डिटेक्टरच्या तबकडीतून निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र धातूत वीजप्रवाह निर्माण करते आणि त्याचाच प्रतिसाद आपल्याला आवाजाच्या रूपाने ऐकू येतो. खारे पाणीही वीजवाहक असल्यामुळे ओली वाळू यंत्राला धातूसारखीच भासते. त्यातच आपल्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी रेती आहे. मीठ आणि काळी रेती यांचे प्रतिसाद वेगवेगळ्या प्रकारचे असतात, आणि एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्राला त्यांपैकी एक सांभाळताना दुसरा आवरत नाही.

म्हणून किनाऱ्यासाठी एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मिनलॅब या कंपनीची व्हँक्विश मालिका या प्रकारची आहे, मात्र तिच्यातल्या सुरुवातीच्या यंत्रांची तबकडीच तेवढी पाण्यात चालते, वरची पेटी नाही. त्याच कंपनीचे २०१८ साली आलेले इक्विनॉक्स ८०० तीन मीटर खोल पाण्यापर्यंत चालते. ‘पल्स इंडक्शन’ म्हणजे विजेचे थांबून थांबून झटके सोडणाऱ्या यंत्रांना मीठ आणि काळी रेती यांचा फारसा त्रास होत नाही, परंतु लोखंडी खिळा आणि सोने यांतला फरक ती नीट सांगत नाहीत, त्यामुळे नवख्या माणसाचा सारा दिवस खिळे उकरण्यात जातो.

शिकण्याची सुरुवात घरच्या अंगणात करावी. एक जुनी अंगठी, एक नाणे, एक खिळा आणि शीतपेयाच्या डब्याची कडी पाच, दहा आणि पंधरा सेंटिमीटरवर पुरून प्रत्येकीचा आवाज कान देऊन ऐकावा. पातळ अंगठी आणि ती कडी यांचे पडद्यावरचे आकडे पुष्कळदा जवळजवळ सारखे येतात, हे तिथेच आपल्या लक्षात येईल. म्हणून अंगठी शोधताना कचऱ्याचा वाटणारा आवाजही सोडू नये. किनाऱ्यावर गेल्यावर तबकडी वाळूवर वरखाली करून यंत्राला जमिनीशी जुळवून घ्यावे, संवेदनशीलता आवाज शांत होईपर्यंत कमी करावी, आणि तबकडी वाळूला समांतर ठेवून सावकाश फिरवावी. हात वर उचलला जाणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक असते, कारण तेवढी खोली वाया जाते.

दोन गोष्टी आवर्जून पाळाव्यात. कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे भरतीरेषेच्या वर अंडी घालतात, तेव्हा तिथे खणू नये. तसेच १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. संरक्षित किल्ल्यांच्या आसपास तर यंत्र नेऊच नये.

आपल्या अंगठीसाठी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी लहान असते त्या, दिवसांपेक्षा अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडावेत, कारण उधाणाच्या ओहोटीला पाणी सर्वाधिक मागे हटते. अंगठी पडली त्या जागेभोवती दोरीने मीटरभर रुंदीचे पट्टे आखून एकेक पट्टा पुरा करावा, आणि परतल्यावर तबकडी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी.