पुण्यात घडणाऱ्या विनोदी मालिकेत पात्राचा सामाजिक स्तर बोलण्यातून कसा दाखवायचा?

गरीब पात्राला 'आनी-पानी' करायला लावण्यापलीकडे काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. आधी एक घोळ निस्तरा. 'आनी', 'व्हय', 'येळ' या खुणा गावाकडच्या आहेत, गरिबीच्या नाहीत. मुळशीत जमिनीला भाव आल्यावर बंगला बांधलेला माणूस असंच बोलतो, आणि त्याला त्याची लाजही नसते. 'आणि'तला 'ण' घासूनपुसून लावणारे निवृत्त कारकून पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहत असतात. पैसा एकाकडे, प्रतिष्ठा दुसऱ्याकडे. या दोघांना शेजारी आणा.

खरा ऐवज मधल्या पायरीवर आहे, वर चढू बघणाऱ्या पात्रात. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी 1966मध्ये न्यूयॉर्कच्या इंग्रजीबद्दल दाखवलं, की अगदी जपून बोलताना निम्नमध्यमवर्गीय माणसं तिथे प्रतिष्ठेचा मानला जाणारा 'र' वरच्या वर्गापेक्षाही जास्त उच्चारतात. बीबीसीच्या 'कीपिंग अप अपिअरन्सेस' या विनोदी मालिकेतली हायसिंथ त्यातलीच: आडनाव बकेट, सांगते 'बुके'. तिची मराठी बहीण 'मणापासून अभिणंदन' म्हणेल. पण असा आगाऊ 'ण' प्रसंगात एकदाच, समोर कुणी बडं असतानाच. वाक्यावाक्याला पेरलात तर बाई नुसती खुळी वाटते, धडपड दिसत नाही. दारात बोट चेमटलं की मात्र 'पानी आन गं' निघालंच पाहिजे.

एका पात्राला दोन-तीन खुणा पुरतात. त्या नटाला आधीच लिहून द्या, नाहीतर चौथ्या भागापर्यंत सगळे एकाच बोलीत जातात. इंग्रजी माध्यमातल्या मुलीला 'ज्यास्त' द्या. 'मी करेन'ऐवजी 'मी करेल' देऊन काही साधत नाही. हल्ली त्यावरून वय कळतं, वर्ग नाही.

उच्चारांपेक्षाही मी संबोधनांवर जास्त वेळ घालवेन. पंचविशीतली मालकीण 'मावशी, तू उद्या लवकर ये' म्हणते आणि पन्नाशीच्या मावशी तिला 'ताई, तुम्ही' म्हणतात. एवढ्यात सगळं आलं. शिवाय पुण्यात राग चढला की आदरही चढतो: 'आपण जरा गाडी काढण्याची कृपा कराल का?' मावशी एक दिवस याच सुरात बोलल्या, तर तो अख्ख्या भागाचा विषय होतो.

लिहून झालं की पात्रांची नावं झाकून संवाद वाचा. कोण कुणाच्या वर आहे हे कळेना, तर आधी 'तू-तुम्ही' तपासा, 'न-ण' नंतर.