एक्स-रे नॉर्मल असताना एमआरआय कशाला?

वडिलांना शुगर आहे, पायाची जखम भरत नाही, एक्स-रे नॉर्मल. तरी डॉक्टर एमआरआय मागतात, हा पैसे काढायचा धंदा आहे का, असं विचारलंय तुम्ही. धंदा नाही; जखमेतले जंतू हाडात शिरलेत का, हे बघायला तो लागतो. आमच्या दाजींचंही हेच म्हणणं होतं, म्हणून लिहायला बसलो.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, निफाडला द्राक्षबाग. गोडी छाटणीच्या धांदलीत मांडवाच्या तारेचं टोक चप्पल फोडून अंगठ्यात घुसलं. १५ वर्षांची शुगर, पाय बधिर; रात्री आईला फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. आठव्या दिवशी दाजींनी एक्स-रे काढून आणला. "हाड शाबूत आहे!" मग अँटिबायोटिक गोळ्यांचा एक कोर्स, तो संपला की दुसरा. अहो, जंतूंनी हाड पोखरलेलं एक्स-रेत दिसायला २ आठवडे तरी जातात. त्याआधीची स्वच्छ फिल्म म्हणजे नुसता कागद.

महिन्याने नाशिकला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखमेत बोथट सळई घातली, ती टक्क करून हाडाला लागली, म्हणजे जखम हाडापर्यंत गेलेली. अण्णा तेव्हा त्यांना लासलगावचा कांद्याचा भाव सांगत होते! शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांत ईएसआर ९६, सीआरपीही वाढलेला, पण ते दुसऱ्या कशानेही वाढतात. एमआरआयत हाडातली सूज दिसली. तरी जंतू कोणता, हे एमआरआय सांगत नाही. त्यासाठी हाडाचा तुकडा काढून कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) आणि बायॉप्सी (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणं). वरवरचा पू पुसून पाठवलेला रिपोर्ट धरू नका, आत जंतू वेगळाच असू शकतो.

तुकडा काढायच्या आधी गोळ्या २ आठवडे बंद. दाजी भडकले, "जखम वाहतेय आणि हा औषध बंद करतो?" गोळ्या चालू असल्या की पुष्कळदा कल्चरमध्ये काही उगवतच नाही, हे त्यांना कोण सांगणार! आमचा जंतू स्टॅफिलोकोकस निघाला, आणि महिनाभर गिळलेल्या गोळ्या त्याच्यावर चालतच नव्हत्या. मग ६ आठवडे नेमकं औषध. अंगठ्याचं टोक गेलं, पाय राहिला.

हां, थंडी-ताप असेल, लाली वर चढत असेल तर थांबत नाहीत, औषध लगेच सुरू करतात. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. पेसमेकर असेल तर एमआरआयआधी सांगा.

दाजी अजून म्हणतात, "पण एक्स-रेत नव्हतंच ना?" नव्हतंच, दाजी. आठव्या दिवशी कुठून दिसणार?