सीएनसी मशीनच्या झेड अ‍ॅक्सिसला (हेड वर-खाली नेणारा अक्ष) सर्वो मोटरचा ओव्हरलोड अलार्म येतो, रीसेट केल्यावर तासाभराने परत येतो. ड्राइव्ह (मोटरला करंट देणारं युनिट) बदलावा का?

लगेच नको. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर अलार्म नंबर ४३६ असेल तर ती मोटरच्या करंटवरून काढलेली तापण्याची गणना आहे. ड्राइव्ह बहुधा ठणठणीत असतो. रीसेट मारत बसलात तर मोटर जळू शकते.

झेड सावकाश जॉग करून (बटणाने हाताने हलवून) स्क्रीनवरचा लोड मीटर बघा. वर-खाली दोन्हीकडे जास्त लोड असेल तर आधी मोटरचा ब्रेक तपासा; वीज मिळाली तरच तो सुटतो. तिथे २४ व्होल्ट पोचतात का? आमच्याकडे रिलेचा काळवंडलेला पॉइंटच निघाला, अन् आम्ही दोन दिवस ड्राइव्हला शिव्या घालत होतो! ब्रेक सुटत असेल तर स्लाइडचं ल्युब्रिकेशन, गिब (स्लाइडमधली फट जुळवणारी पट्टी) बघा.

मोटर खोलण्याआधी हेडखाली लाकडी ठोकळा लावाच, नाहीतर हेड धाडकन खाली येईल.