शंका-समाधान : चाचणीचा आकडा आणि त्यामागचं मूल

शाळेतल्या सरकारी चाचण्यांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. पट 14. पायाभूत चाचणीत गणिताची सरासरी 61 टक्के होती, पहिल्या सत्राच्या संकलित-1 चाचणीत ती 54 वर आली. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीत सगळ्या शाळांची टक्केवारी वाचून दाखवली, आमची शाळा खालून दुसरी. पेपर तपासा, गुण चॅटबॉटवर भरा, वर बोलणी खा. या चाचण्या हव्यातच कशाला? — एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : ताई, आधी आकडेमोड करू. 14 मुलांची सरासरी 61 म्हणजे एकूण 854. समजा 95 टक्क्यांचं एक मूल आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलं आणि 20 टक्क्यांचं एक मूल नव्याने दाखल झालं. बाकी कुणाचा एक गुणही हलला नाही, तरी बेरीज 779 आणि सरासरी 55.6 होते. सातपैकी जवळजवळ साडेपाच टक्क्यांची घसरण इथेच संपली. पायाभूत चाचणी शाळा उघडल्यावर होते आणि संकलित-1 दिवाळीच्या आगेमागे. तुमच्याकडे ऊसतोडीच्या गाड्या नेमक्या तेव्हाच निघतात. दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचीच सरासरी वेगळी काढा आणि बैठकीत ती पुढे ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे हे दोन पेपर एकाच मापाचे नाहीत. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवं त्यावर असते, संकलित चालू इयत्तेवर. दोन पेपरांची तुलना करायची तर दोन्हींत काही प्रश्न तेच ठेवावे लागतात आणि त्यावरून काठिण्य जुळवून घ्यावं लागतं. ते केलेलं नसेल तर 61 आणि 54 शेजारी मांडून काहीच सिद्ध होत नाही. क्रमवारी लावायला हा आकडा कुचकामी आहे. आणि एकदा क्रमवारी लावायची ठरली की फळ्यावर उत्तरं उमटू लागतात, हे सांगायला नकोच.

पण चाचणी टाकून देऊ नका. तिचा उपयोग टक्केवारीत नाही, उत्तरपत्रिकांत आहे. एक मोठा कागद घ्या. आडव्या ओळींत मुलं, उभ्या रकान्यांत प्रश्न. चौकटीत बरोबर-चूक अशी खूण करू नका, मुलाने लिहिलेलं उत्तरच लिहा. 14 मुलं आणि 10 प्रश्न असतील तर तासाभरात होतं.

आता 503 – 278 हे उदाहरण पाहा. उत्तर 225. एका मुलाने 375 लिहिलंय. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला : 8 मधून 3, 7 मधून 0, 5 मधून 2. त्याला हातच्याची वजाबाकी आलेलीच नाही. दुसऱ्याने 235 लिहिलंय. त्याने एक शतक मोडून 10 दशक केले, त्यातला एक एककांना दिला, पण दशकांच्या घरात 9 करायला विसरला. मधल्या शून्याशी अडलाय, एवढंच. तिसऱ्याचं 781, म्हणजे त्याने बेरीज केली. तिघांनाही गुण शून्य, पण इलाज तीन वेगळे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून मोजायला बसवा आणि आधी दोन अंकीच वजाबाकी द्या. दुसऱ्याला शंभराची नोट देऊन आधी दहाच्या नोटा आणि मग एक-एकची नाणी मोडून घ्यायला लावा, खेळातले पैसे चालतात. तिसऱ्याला नुसतं विचारा, मधलं चिन्ह कोणतं?

शाब्दिक उदाहरण चुकलं असेल तर ते मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकल्यावर सोडवलं, तर गणित ठीक आहे, वाचन कच्चं आहे. तांड्यावरच्या बंजारा मुलांची घरची भाषा गोरमाटी असते. त्यांच्या बाबतीत ही तपासणी न करता ‘गणितात मागे’ असा शेरा मारू नये.

14 पैकी 10-11 मुलांनी चुकवलेला प्रश्न असेल तर मुलांकडे बोट दाखवण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा. कधी शब्दरचना फसवी असते, कधी तो घटक शिकवूनच झालेला नसतो.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. आता पाचवीला नापास करतात म्हणे. कायद्याने आठवीपर्यंत नापास करता येत नाही ना? — एक पालक, सांगली

उत्तर : तो नियम 2019 मध्ये बदलला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीच्या वर्षअखेरीस परीक्षा आली, आणि नापास मुलाला त्याच वर्गात ठेवायचं की नाही ते ठरवण्याची मुभा सरकारांना मिळाली. महाराष्ट्राने 2023 मध्ये त्याप्रमाणे नियम केले. पाचवीला प्रत्येक विषय 50 गुणांचा आणि उत्तीर्ण व्हायला 18 गुण, आठवीला 60 पैकी 21. म्हणजे साधारण 35 टक्के.

निकालात विषय राहिला तर घाबरू नका. निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यावी लागते. तीही राहिली तर मूल त्याच वर्गात बसतं, पण प्राथमिक शिक्षण (आठवीपर्यंतचं) पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. ‘दाखला घेऊन जा’ असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. एप्रिलची वाट पाहण्यापेक्षा आत्ताच वर्गशिक्षकांकडून त्याच्या उत्तरपत्रिका पाहून घ्या. गुणपत्रक नको, उत्तरपत्रिका.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आमच्या शाळेत बहुतेक मुलांना ‘अ’ श्रेणी आहे. सर्वेक्षणांच्या बातम्या मात्र सांगतात की मुलांना वाचता येत नाही. खरं काय? — अकोले तालुका

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं, कारण मोजलेली गोष्ट वेगळी आहे. शाळेच्या श्रेणीत आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्गात शिकता-शिकता शिक्षकाने केलेलं मूल्यमापन धरलेलं असतं. 2010 च्या शासन निर्णयानुसार पहिली-दुसरीला त्याचा भार 70 टक्के, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50 आणि सातवी-आठवीला 40. त्यात प्रकल्प, उपक्रम, तोंडीकाम येतं. शिक्षकाने मन लावून नोंदी केल्या तर ते फार मोलाचं आहे, उरकून टाकलं तर सगळेच ‘अ’.

‘परख’ हे केंद्र सरकारचं सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 रोजी तिसरी, सहावी आणि नववीला झालं. ते निवडक शाळांतल्या निवडक मुलांचं असतं. त्यावरून जिल्ह्याचं चित्र कळतं, तुमच्या शाळेचं नाही. ‘असर’ हे ‘प्रथम’ संस्थेचं सर्वेक्षण. ते करणारे तर शाळेत परीक्षाच घेत नाहीत. गावातल्या घरी जाऊन एकेका मुलाला वाचायला लावतात, आणि वरच्या वर्गातल्या मुलासमोरही दुसरीच्या पातळीचाच मजकूर ठेवतात.

तेच तुम्ही करा. दुसरीच्या पातळीचा, पण मुलांच्या पुस्तकात नसलेला आठ-दहा वाक्यांचा उतारा मोठ्या अक्षरात छापून घ्या. मुलाला एकटं बसवा. अडलं तर साध्या चार वाक्यांचा उतारा द्या, तेही जमलं नाही तर सुटे शब्द, मग अक्षरं. वाचून झाल्यावर उताऱ्यावर दोन प्रश्न विचारा. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. यादी गुरुजींच्या हातात द्या, ग्रामसभेत वाचू नका.

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. शिष्यवृत्तीसाठी आत्तापासून सराव पेपर सोडवून घेते. चाळीसच्या वर गुण जात नाहीत. — एक आई, पुणे

उत्तर : ही परीक्षा चौथीला की पाचवीला, हा शासनाचा घोळ बाजूला ठेवू. आत्तापर्यंत होत आलेल्या पाचवीच्या परीक्षेचं स्वरूप असं : 75 प्रश्न, 90 मिनिटं, 150 गुण, असे दोन पेपर. एका प्रश्नाला 72 सेकंद. चार पर्याय, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. म्हणजे काहीही न वाचता गोल काळे केले तरी सरासरी 37-38 गुण पडतात. तुमच्या मुलीचे चाळीस जर 150 पैकी असतील, तर ते तिच्या अभ्यासाचे की नशिबाचे, ते पेपरवरून कळणारच नाही.

सराव पेपर सध्या बंद करा. दहा प्रश्न पर्याय झाकून द्या आणि उत्तर कसं काढलं ते तिला बोलून दाखवू द्या. बुद्धिमत्ता चाचणीचे आकृत्यांचे प्रश्न कागद कापून, फिरवून पाहू द्या. घड्याळ लावायचं ते परीक्षेच्या वर्षी, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत.