वाचकांचे प्रश्न : अलास्कात गळ टाकण्यापूर्वी

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही मुलीकडे अँकरेजला जाणार आहोत. केनाई नदीवर जावयांसोबत मासे पकडता येतील का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अवश्य येतील, आणि महिनाही योग्य आहे, कारण समुद्रातून केनाईत चढणाऱ्या सॉकाय जातीच्या सामन (सॅल्मन) माशांचा भर साधारणपणे जुलैच्या उत्तरार्धात असतो. अलास्काचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला क्रीडा-मासेमारीचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो. लांब दांड्याच्या जाळ्याने घरापुरते मासे धरण्याची मुभा मात्र केवळ रहिवाशांना आहे, म्हणून जावयांकडे ती असली तरी आपण त्या जाळ्याला हात लावू नये. किंग या दुसऱ्या जातीच्या सामनची संख्या चिंताजनक घटली असून त्याची मासेमारी अलीकडे वारंवार बंद ठेवली जाते, आणि हा निर्बंध मला सर्वस्वी योग्य वाटतो. नदीत चढणारे मासे मोजून राज्याचा मत्स्य विभाग ऐन हंगामातही तातडीचे आदेश काढतो, त्यामुळे निघण्याच्या दिवशीच त्याचे संकेतस्थळ पाहावे. गोड्या पाण्यात गळ तोंडाऐवजी अंगात रुतला, तर तो मासा तत्काळ सोडावा लागतो.