'प्रकाशमान पृष्ठ' म्हणू नका

चाळीसगावच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न: अभिजात (क्लासिकल) क्षेत्रांची हॅमिल्टोनियन पद्धत, म्हणजे एका पृष्ठावरची स्थिती घेऊन ती काळात पुढे नेण्याची रीत, 'लाइट-लाइक' पृष्ठावर मांडतात, त्या पृष्ठाला 'प्रकाशमान पृष्ठ' म्हणावं का?

अजिबात नाही. हा शब्द ऐकून ऐकून कान किटले. ते पृष्ठ ना उजळतं, ना चमकतं. एरवी आपण एकाच क्षणाचं पृष्ठ, म्हणजे त्या क्षणीचं सगळं अवकाश, घेऊन सुरुवात करतो. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने १९४९ साली दुसरी वाटही दाखवली: प्रकाशवेगाने गुणलेला काळ अधिक अंतर, ही बेरीज जिथे सारखी राहते ते पृष्ठ घ्या. याची गंमत अशी की त्याचा लंब त्याच पृष्ठात आडवा झालेला असतो. ही बेरीजच 'काळ' मानली, की लाग्रांजियनमध्ये (ज्या राशीवरून क्षेत्राची समीकरणं निघतात तिच्यात) या 'काळा'नुसार क्षेत्राचा विकलज, म्हणजे बदलाचा दर, वर्गात न येता साधाच येतो. मग संवेग स्वतंत्र उरत नाही, तो क्षेत्राच्या पृष्ठावरच्या उतारावरूनच ठरतो. म्हणजे बंधन आलं, आणि बंधन सांभाळून गणित करायला डिरॅक कंस आले.

'प्रकाशसदृश' चालेल, पण त्यात दृश् बसलाय, म्हणजे पाहणं. (सदृक्ष, प्राकृतात सारिक्ख, आपला 'सारखा'.) म्हणूनच लोक चमक शोधत बसतात. इथे दिसण्याचा संबंधच नाही, संबंध जाण्याचा आहे: हे पृष्ठ प्रकाशाच्या वेगाने सरकतं. आणि जाण्याचा शब्द गावाकडे आयता पडलाय: 'येड्यागत करू नको' मधला '-गत'. माझ्या मते तो 'गति'चाच, मूळ धातू गम्, म्हणजे जाणं. रूपाने नव्हे, चालीने तसा. तर 'प्रकाशागत पृष्ठ'!

यावर पंडित संधी सोडवून दाखवतात: प्रकाश + आगत, म्हणजे 'प्रकाशातून आलेलं'. बरं, मग 'येड्यागत'ही सोडवा आणि येड्यातून कोण आलंय ते सांगा. परिभाषेत बोलीतला प्रत्यय नको, ही दुसरी हरकत. तुमच्याच चाळीसगावाजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाचा तो लेख, मुख्यतः संस्कृत, पण दानाचा हिशेब आला तिथे सरळ मराठीत उतरलाय. त्यांना संकोच नव्हता, आपल्याला का?

आणि हो, 'क्लासिकल'ला 'अभिजात' लिहिलंत ते बरं केलंत. 'शास्त्रीय क्षेत्र' लिहिणाऱ्यांनी अशास्त्रीय क्षेत्र कुठलं तेही कळवावं.

पेपरात 'प्रकाशसदृश' लिहा, मार्क जायला नकोत. तोंडी परीक्षेत 'प्रकाशागत' म्हणून बघा.