अधीर, उतावीळ आणि वैतागलेले

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या वार्तापत्रात ‘लाभांश लांबल्यामुळे सभासदांत अधीरता वाढली आहे’ असे वाक्य छापले. कानाला खटकते. चूक कुठे आहे? आणि अधीर व उतावीळ यांत फरक काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : व्याकरण ठीक आहे, अर्थ खटकतो. मराठीत माणूस अधीर होतो तो हव्याशा गोष्टीसाठी. नातवाला पाहायला आजी अधीर झालेली असते. त्यात ओढ असते, राग नसतो. तुमचे सभासद कावलेले आहेत, तेव्हा सरळ ‘सभासद वैतागले आहेत’ असे लिहा. फारच रोखठोक वाटले तर ‘सभासदांचा संयम सुटत चालला आहे’. इंग्रजी ‘इम्पेशन्स’मध्ये ओढ आणि चिडचिड दोन्ही मावतात, म्हणून भाषांतरात हा घोटाळा फार होतो. ‘सर मुलांशी अधीर वागतात’ हे त्यातलेच. सर मुलांवर पटकन चिडतात, एवढेच म्हणायचे असते.

अधीर आणि उतावीळ यांतला फरक कृतीत दिसतो. अधीर माणूस आतून तळमळतो, पण थांबलेला असतो. उतावीळ थांबत नाही; कुकरची वाफ जिरण्याआधीच शिटी उचलतो. गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्या नवऱ्याला म्हण उतावळा म्हणते ती याचसाठी. उतावीळपणा हा दोष आहे, अधीर होणे सहसा नाही.

बोलताना मात्र ‘अधीरता’ कोणी म्हणत नाही. ‘धीर निघत नाही’, ‘दम निघत नाही’ असेच म्हणतात. इथे क्रियापद जपून वापरा. ‘निकाल लागेपर्यंत तिला धीर निघेना’ म्हणजे वाट पाहवेना. ‘निकाल ऐकून तिचा धीर सुटला’ म्हणजे ती खचली.

प्रश्न : मग ‘आतुर’ कधी वापरावा? ‘उताविळाला’ लिहावे की ‘उतावीळाला’?

उत्तर : संस्कृतात आतुर म्हणजे रोगी. आयुर्वेदात तो अर्थ अजून चालतो, आणि मृत्यू समोर दिसत असता घेतलेल्या संन्यासाला आतुरसंन्यास म्हणतात. रोजच्या मराठीत त्याचा अर्थ उत्कंठित. शब्द भारदस्त आहे. विठ्ठलाच्या दर्शनाला आतुर हे शोभते, गरम भज्यांसाठी चुळबुळणाऱ्या मुलाला लावू नये.

‘उताविळाला’ बरोबर. गरीब–गरिबाला होते तसे. ‘अधीराला’ मात्र दीर्घच राहते, कारण तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. ‘पणा’ जोडताना सामान्यरूप, म्हणजे ‘ला’सारख्या विभक्तिप्रत्ययापूर्वी शब्दात होणारा बदल, होत नाही, म्हणून ‘उतावीळपणा’ही दीर्घ.